उभा ट्रक कुणाच्या अंगावर येत नाही?

नातेवाइकांचा, शाळेचा आणि गावाचा अशा माझ्या तिन्ही ग्रुपांवर गेल्या महिन्याभरात एकच मजकूर फिरून आला. वर चेपलेल्या कारचा फोटो आणि खाली हे शब्द: "उभा ट्रक कुणाच्या अंगावर येत नाही. हेडलाइट कशाला दिलेत? वेग आवरला असता तर दिसला असता. दगड लावले होते ना मागे! गाडी फेल झाल्यावर बिचारा ड्रायव्हर काय खांद्यावर घेऊन जाणार? मागून धडकणाराच दोषी, कायदाही तेच सांगतो."

माझा चुलतभाऊ कराडजवळ हायवेवर असाच गेला. तो मोटारसायकलवर होता. पुढे मागचा एक्सल तुटलेला उसाचा ट्रक उभा होता, त्याचा एकही दिवा चालू नव्हता. भेटायला आलेल्या माणसांपैकी दोघातिघांनी आमच्याच दारात बसून "पोरगं जोरात असणार" म्हटलं होतं. त्यामुळे हा मजकूर मला नुसता वाचून सोडता येत नाही. एकेक वाक्य घेतो.

"हेडलाइट कशाला दिलेत?"

रात्री समोरून वाहनं येत असतात, त्यामुळे बहुतेक वेळ डिपरवरच, म्हणजे खाली वळवलेल्या उजेडावर, चालवावं लागतं. डिपरचा कामाचा उजेड साधारण पन्नास-साठ मीटर पुढे पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते काय आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं याला दीड सेकंद धरला, तर तिथेच ३३ मीटर संपले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे सगळे मिळून ६८. ब्रेक उत्तम, माणूस जागा, पोटात दारूचा थेंब नाही, वेग मर्यादेत, तरी गाडी उजेडाच्या हद्दीत थांबत नाही. ताशी १०० ला हाच आकडा शंभर मीटरच्या आसपास जातो.

शिवाय उजेड पडला म्हणजे दिसलं असं होत नाही. ट्रकची मागची बाजू धुळीने, चिखलाने माखलेली असते, वर काळपट ताडपत्री आणि खाली काळा डांबरी रस्ता. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला की पुढचे काही क्षण असल्या काळ्यावर काळं उमटतच नाही. आणि हायवेवर पुढे दिसणारी गाडी चालतीच आहे असं आपण धरून चालतो. लांबून येताना तिचा आकार इतका हळू वाढतो की ती उभी आहे हे कळत नाही, आणि कळतं तेव्हा ती एकदम अंगावर आलेली असते. (पावसात, घाटात चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हे बंद करा. ती खूण उभ्या गाडीची आहे. चालत्या गाड्यांनी ती वापरली तर खरी उभी गाडी ओळखायची कशी?)

"वेग आवरला असता तर दिसला असता."

वेग कमी असावा यात वादच नाही. ६० च्या वेगाने जाणारा ४५ मीटरमध्ये थांबेल आणि बहुधा वाचेल. पण समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची परवानगी सरकारनेच दिली आहे, आणि त्या वेगाला थांबायला १३० मीटर लागतात. तो रस्ता कुणी मध्येच उभं राहणार नाही हे गृहीत धरून बांधलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ त्याच महामार्गावर भाविकांची मिनी बस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. त्या ट्रकमध्ये बिघाडसुद्धा नव्हता. आरटीओच्या पथकाने तो रात्री रस्त्यावर थांबवला असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. तिथे "वेग आवरायचा होता" एवढंच म्हणून मोकळं व्हायचं का?

आणखी एक गोष्ट या वाक्यात बसत नाही. कारचा बंपर, पुढचा चेपणारा भाग, एअरबॅग ही सगळी रचना बंपरच्या उंचीवर धक्का बसेल असं मानून केलेली असते. ट्रकचा हौदा त्याच्या वर असतो. बॉनेट खाली घुसतं आणि हौद्याची कड थेट काचेवर, माणसांच्या छातीवर नि डोक्यावर येते. हे होऊ नये म्हणून ट्रकच्या मागे खाली आडवा बार लावायचा नियम आहे. पुढच्या वेळी टोलनाक्यावर रांगेत असताना बघा, किती ट्रकांचे बार वाकलेले, गंजलेले किंवा गायब आहेत.

"दगड लावले होते ना मागे!"

याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. दगड करडा, रस्ता करडा. त्यावर उजेड पडला तरी तो परत आपल्या डोळ्यांपर्यंत फारसा येत नाही. रिफ्लेक्टिव्ह त्रिकोण किंवा ट्रकवर लावायची लाल पट्टी हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेला परत फेकते, म्हणून ती कितीतरी लांबून चमकते. हा त्रिकोण नव्या गाडीबरोबर द्यावाच लागतो आणि वेगळा घेतला तरी काही शे रुपयांत मिळतो. पट्ट्यांचाही नियम आहे: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. फांदी तोडून लावणं हाही तसलाच प्रकार. पानं वाऱ्याने हलतात, पण अंधारात ती बघणार कोण?

ज्यांच्याकडे त्रिकोण असतो तेही तो चाकाला टेकवून ठेवतात. १०० च्या वेगाने येणाऱ्याला ५० मीटर म्हणजे पावणेदोन सेकंद. त्रिकोण चांगली शंभर-दीडशे पावलं मागे न्यायला हवा, वळण असेल तर येणाऱ्याला वळणाच्या आधीच दिसेल असा, आणि जाताना रस्त्यावरून न चालता कडेच्या मातीतून.

दगड मागे राहतात हे तर वेगळंच. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तिथेच. ट्रकपासून वाचलेला दुचाकीवाला त्या दगडावर जातो.

"बिचारा ड्रायव्हर काय करणार?"

ट्रकवाल्यांशी माझं वैर नाही. भरलेली गाडी कडेला घ्यायची म्हटलं तर पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुततं आणि गाडी कलंडते. पुलावर, घाटात कडच नसते. गाडी सोडून मिस्त्री आणायला गेलं तर डिझेल चोरीला जातं. मालक फोनवर म्हणतो, क्रेनचे पैसे कोण देणार, सकाळपर्यंत बघ. हे सगळं खरं आहे. पण अंधारात उभ्या गाडीखाली जॅक लावून बसलेला ड्रायव्हर नि क्लीनरच मागच्या धडकेत चिरडले जातात. दिवे आणि त्रिकोण आधी त्यांच्याच जिवासाठी हवेत.

आणि प्रत्येक बिघाड न सांगता येतो असंही नाही. क्षमतेपेक्षा जास्त माल, रिमोल्ड टायर, पाटा (चाकावरची स्प्रिंग) तुटायला आलाय हे ठाऊक असून मारलेली आणखी एक खेप, हे निर्णय मालकाचे असतात. रस्त्यावरून गाडी हटवायची जबाबदारीही एकट्या ड्रायव्हरची नाही. टोल घेणाऱ्या रस्त्यावर गस्तीची गाडी आणि क्रेन ठेवायची असते, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करता येतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ धोकादायक ठिकाणी पडलेलं वाहन ताबडतोब ओढून न्यायचा अधिकार देतं.

"कायदाही तेच सांगतो."

नाही सांगत. पुढच्या चालत्या गाडीपासून अंतर ठेवा हा नियम आहे, आणि त्यावरून "मागचा तो दोषी" ही समजूत पसरली. अंधारात बिनदिव्याच्या उभ्या गाडीला ती लागू पडत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ वाहन धोकादायक स्थितीत सोडायला मनाई करतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०९ म्हणतो की रस्त्यावर गाडी उभी असतानाही पार्किंग लाइट चालू राहिला पाहिजे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे रात्री रस्त्यावर दिव्यांविना उभ्या केलेल्या टँकरचं प्रकरण आलं. उच्च न्यायालयाने अर्धा दोष कारचालकावर ठेवला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. २०२४ मध्ये हायवेच्या मध्यभागी इशाऱ्याविना सोडलेल्या ट्रकच्या प्रकरणातही कारचालकावर टाकलेला दोष न्यायालयाने मान्य केला नाही. शिक्षेचा आकडा मात्र लाजिरवाणा होता. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केल्याबद्दल जुन्या दंड संहितेत २०० रुपयांपर्यंत दंड होता, भारतीय न्याय संहितेत आता तो ५,००० पर्यंत आहे.

हे निकाल माहीत नसले की काय होतं ते आम्ही भोगलं. मागचाच दोषी हे आमच्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं, म्हणून पंचनामा होत असताना कुणी काही विचारलंच नाही. ट्रकचे दिवे चालू होते का, त्रिकोण होता का, गाडी किती वाजल्यापासून उभी होती, यांतली एकही ओळ त्या कागदावर नव्हती. काकांनी शेवटी मिळेल त्या रकमेवर तडजोड केली. असा प्रसंग तुमच्या ओळखीत कुणावर आला तर या तीन गोष्टी लिहून घ्यायला लावा आणि गाडी हलवायच्या आधी मागून फोटो काढा. आमच्याकडे एकच फोटो आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेला. ट्रक तोवर ओढून नेला होता. दगड तिथेच होते.