बारा व्होल्ट आणि अख्खी वाडी

गाडीत इन्व्हर्टर बसवायला लागतं काय? डबा, जाड वायर, फ्यूज आणि दहा नंबरचा पाना. देवगडात बसवणार असाल तर शिवाय वाडीपुरता चहा.

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळातला अंधार आमच्या गजालींत अजून निघतो. म्हणून यंदा मृगाच्या आधी मी ३०० वॅटचा डबा आणला. बॅटरीचे १२ व्होल्ट घेऊन घरच्यासारखे २३० देणारा. लॅपटॉप, मोबाईल आणि एक टेबलफॅन, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

खळ्यात बॉनेट उघडलं आणि माणसं जमली. उघडं बॉनेट म्हणजे आमच्याकडे जाहीर आमंत्रण.

"इतक्यो वायरी कित्याक? सिगरेटच्या भोकात घाल नि सोड," तात्या म्हणाले. मी हिशेब मांडला. त्या भोकाचा फ्यूज फार तर १५ अँपिअरचा, म्हणजे १८० वॅट. डबा पूर्ण भरात २५ च्या वर ओढणार. म्हणून थेट बॅटरीवरून वायर, आणि प्लसच्या अगदी जवळ ४० चा फ्यूज. वायर कुठे घासलीच तर गाडीऐवजी तो जळावा. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी पण घालून बघ ना."

टर्मिनलवर हिरवट-पांढरा भुगा साचला होता. मायनस आधी सोडवायचा की प्लस, यावर दोन तट पडले. (मायनस. प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. हे कुणीही मान्य केलं नाही.) दोन्ही सुटल्यावर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओतला, भुगा फसफसला आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. माझ्या कामाचं त्या दिवशी झालेलं एवढंच कौतुक.

मग वायर आत घ्यायची. इंजिनच्या मागच्या पत्र्यात एक रबरी बूच असतं, त्यातून. माझं डोकं क्लचपाशी, पाय सीटच्या पाठीवर, टॉर्च दातांत. बाहेरून तात्या वायर ढकलतायत.

"इली काय?"

"ऊंऊं!"

"इली म्हणता!" आणि त्यांनी ढकलणं थांबवलं.

शेवटी मोडक्या छत्रीची काडी बुचातून घातली, वायर तिला चिकटपट्टीने बांधली आणि ओढली. छत्रीची काडी कोकणात कुठल्याच घरी कमी नसते.

सगळं जोडून होतंय तोच लाईट गेली. डब्यावर हिरवा दिवा लागला. पंखा फिरला, जरा गुणगुणत, कारण स्वस्तातल्या डब्याची वीज घरच्यासारखी गुळगुळीत नसते. तेवढ्यात काकी मिक्सर काखोटीला मारून आली. ७५० वॅटचा.

"काकी, ह्यो चलणा नाय ह्येच्यावर."

"गाडी येवडी मोठी, नि मिक्सर चलणा नाय? थोडाच वाटाप आसा, अर्धी वाटी."

वॅट खोबऱ्यावर ठरत नाहीत, हे काकीला सांगायची छाती आमच्या घराण्यात कुणाला नाही. मी बटण दाबलं. डबा चीं करून ओरडला, लाल झाला आणि बंद पडला. काकी पाट्यावर बसली, आणि वरवंट्याच्या प्रत्येक फेऱ्याला माझ्या शिक्षणाचा खर्च ऐकू येऊ लागला.

तोवर एक्स्टेंशन बोर्डावर वाडीतले मोबाईल लटकले होते. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. इंजिन बंद ठेवलं तर सकाळी स्टार्टर नुसता कटकटणार. म्हणून इंजिन चालू ठेवलं. पाऊस आला तशी "गाडी मांगरात घाल" असा ठराव झाला, तो धुराच्या भीतीने मी एकट्याने फेटाळला. तात्या पुढचं दार उघडून ऐटीत आत बसले, काच वर केली आणि फटीतून म्हणाले, "इंजिन चालूच आसा तर एसी लाव मरे."