बुढा घरातच होता, तरी त्याला ऊन लागलं

उन्हाळा आला की गावोगावी एकच पोस्टर लागतं: दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांसाठी, गवंड्यांसाठी, शेतमजुरांसाठी ते बरोबर आहे (त्यांना ते पाळणं परवडत नाही, तो वेगळा विषय). पण सत्तरीपुढचा आबाजी दुपारी तसाही कुठे जात नाही. त्याला ऊन लागतं ते घरात, बाजेवर पडल्या पडल्या, दोन-तीन दिवसांत हळूहळू. म्हणून आपल्या विदर्भातली ज्येष्ठांसाठीची उन्हाळी काळजी घरातून सुरू व्हायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उतारवयात घाम कमी सुटतो आणि तहान उशिरा कळते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाच्या खोलीत हवा भट्टीसारखी होते. जुनी कवेलूची घरं बरी होती. घरकुलाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. शरीराला निवायला रात्र मिळाली नाही की तिसऱ्या दिवशी माणूस ढासळतो. टिनावर मार्चमध्येच चुन्याचे दोन हात मारा. पहिल्या पावसात तो धुऊन जातो, त्यामुळे हे दरवर्षीचं काम. वरून तुराट्या किंवा तणस टाकत असाल तर चुलीची ठिणगी लक्षात ठेवा.

पंख्याचा एक भ्रम आहे. हवा चाळिशीच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अंग ओलं असेल तरच तो कामाचा. सुती दुपट्टा भिजवून अंगावर टाका, हातपाय-मान पुसत राहा. कूलर लावला तर समोरचं दार किंवा खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत तो नुसती ओल वाढवतो. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि अर्थिंग तपासून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

आता पाणी. आजी पाणी पीत नाही याचं कारण बऱ्याचदा संडास असतो: अंगणाच्या टोकाला, अंधारात, उकिडवं बसायचा. गुडघे दुखतात, पडायची भीती वाटते, म्हणून ती संध्याकाळपासून पाणी टाळते. तिला 'पाणी पी' असं दहादा सांगण्यापेक्षा वाटेवर एक दिवा, भिंतीला धरायला पाइप आणि बसायला मधे भोक असलेली खुर्ची द्या. मग जागेपणी दर तासाला अर्धा ग्लास. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच कालवायचं. ग्लासभर पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होतं. उरलेलं २४ तासांनी फेकायचं. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर मात्र हा हिशेब त्यांनाच विचारा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग गोळ्यांचा. बीपीसाठी अनेकांना लघवी वाढवणारी गोळी असते, जोडीला टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन. हिवाळ्यात ठरलेला तोच डोस मे महिन्यात, अंगातलं पाणी कमी झाल्यावर, बीपी फार खाली नेऊ शकतो. बुढी उठते, चक्कर येते, पडते, आणि खुबा मोडतो. त्यात गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी मिसळली की तिन्ही मिळून किडनीवर बसतात. सर्दी-खाजेच्या काही गोळ्या घामही कमी करतात. मनानं गोळी बंद करू नका, तेही धोक्याचं. मार्चअखेर उपकेंद्रात जाऊन सगळ्या गोळ्यांची पिशवी दाखवा, बीपी बसून आणि मग उभं राहून मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर डॉक्टरांना डोस विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांकडे फ्रिज नसेल तर वापरातली बाटली प्लास्टिकच्या डब्यात बंद करून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवा. ती कोरडी राहिली पाहिजे.

ऊन लागल्याची खूण म्हाताऱ्यांत वेगळी दिसते. माणूस बरळतो, ओळखत नाही, झोपूनच राहतो. घरचे म्हणतात 'वय झालं'. काल शहाण्यासारखं बोलणारा आज बरळत असेल आणि अंग तापलं असेल तर वयावर ढकलू नका. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट न पाहता अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल या तापावर चालत नाही. कांदा चोळत बसण्यात गेलेली दहा मिनिटं महाग पडतात.

आणि सरकारला एकच सांगणं. श्रावणबाळ, निराधार पेन्शनचे पैसे काढायला म्हातारी माणसं भर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, बँकेच्या रांगेत उभी असतात. अंगठा जुळत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत येतात. एप्रिल ते जून बँक मित्र (गावात पैसे देणारा बँकेचा माणूस) सकाळी १० च्या आत गावात बसवा, आदल्या दिवशी कोतवालाकडून दवंडी द्या, आणि तिथंच आशाताईंच्या हाती बीपीचं मशीन व ओआरएस असू द्या.