लाळेच्या नळीत रक्तवाहिन्यांचं वय सापडत नाही

‘नळीत लाळ द्या, रक्तवाहिन्या किती म्हाताऱ्या झाल्या ते घरबसल्या कळेल. रिपोर्ट हिरवा आला की बीपी-कोलेस्टेरॉल तपासायची कटकट संपली.’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मेसेजमधला एकेक दावा घेऊ.

‘वाहिन्यांचं आजचं वय कळतं.’ नाही कळत. लाळेतला डीएनए येतो पांढऱ्या पेशींतून आणि गालाच्या आतल्या अस्तरातून. धमनीच्या भिंतीचा त्यात मागमूस नसतो. शिवाय ही चाचणी डीएनएच्या अक्षरांचा जो क्रम वाचते तो जन्मापासून तोच असतो. विसाव्या वर्षी लाळ द्या, नाहीतर पुढं वीस वर्षं विड्या ओढून चाळिसाव्या वर्षी द्या, उत्तर एकच. झीज मोजणार कशावरून? (डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा वयानुसार बदलतात आणि त्यावरून वयाचा आकडा काढतात, हे खरं. पण लाळेत कुठल्या पेशी किती आल्या यावरही तो आकडा हलतो.)

‘जोखमीची जनुकं सापडतात.’ अर्धं खरं. २००७ मध्ये सापडलेला ९पी२१ हा नवव्या गुणसूत्रावरचा भाग हृदयविकाराशी जोडलेला आहेच. पण आई किंवा वडिलांकडून आलेल्या त्याच्या एका प्रतीमागं जोखीम वाढते ती साधारण पाव हिश्शानं. अशा अनेक जागांची बेरीज करून काढलेले जोखमीचे गुण बहुतांशी युरोपीय वंशाच्या माहितीवर बेतलेले असतात, आपल्याकडे ते ढिले पडतात. रिपोर्टात ‘एमटीएचएफआर’ या जनुकातला बदल दिसला की फॉलिक ॲसिड गळ्यात मारतात. त्यानं रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल उतरतं, हार्ट ॲटॅक मात्र टळत नाहीत.

‘हिरवा रिपोर्ट, निर्धास्त राहा.’ हा सगळ्यांत घातक. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल साधारण २५० जणांत एकाला असतं. त्यातल्या एलडीएलआर जनुकातच हजारावर वेगवेगळे बिघाड होऊ शकतात. या घरगुती चाचण्यांतली स्वस्त चिप डीएनएवरच्या ठरावीक जागाच तपासते, म्हणून त्यातले मोजकेच बघते. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १९० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्या जनुकांचं पूर्ण सिक्वेन्सिंग (अक्षर न् अक्षर वाचन) करा. तिथं लाळ चालते: आधी ३० मिनिटं खाणं-पिणं, तंबाखू बंद, नळी खुणेपर्यंत भरताना फेस धरायचा नाही, नाहीतर नमुना कमी पडून परत मागतात.

धमनीचा ताठरपणा मोजायचा तर नाडीलहरीचा वेग, म्हणजे हृदयाच्या ठोक्याची लहर धमनीतून किती वेगानं पळते ते. मान आणि जांघेतलं अंतर गुणिले ०.८, भागिले लहरीला लागलेला वेळ. सेकंदाला १० मीटरच्या वर गेला तर वाहिन्या ताठ. आधी १० मिनिटं पडून राहायचं; कॉफी पिऊन किंवा जिने चढून लगेच गेलात तर आकडा फुगतो. घोट्याचा सिस्टोलिक (वरचा) रक्तदाब भागिले दंडाचा, उत्तर ०.९० किंवा कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यायची.

लिपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, मात्र आयुष्यात एकदा तरी रक्तातून तपासा. तेही मुख्यतः जनुकंच ठरवतात, पण त्या जनुकातल्या तुकड्यांची पुनरावृत्ती चिपला नीट मोजता येत नाही. रक्तातला आकडा ५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर निघाला, तर भावंडांचंही तपासून घ्या.