जुन्या सीडी भंगारात देऊ नका

बेळगावच्या प्रेसवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'विंडोज ११ वर जुनं काहीच चालत नाही. पेजमेकर गेला, मराठी फॉन्ट गेले. नवं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर एक्सपीचा डबा जपा.' पेजमेकर म्हणजे छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, आणि एक्सपीचा डबा म्हणजे विंडोज एक्सपी असलेला जुना संगणक. शहापुरातल्या एका प्रेसमध्ये हा मेसेज वाचून सॉफ्टवेअरच्या सीडी रद्दीत काढलेल्या पाहिल्या, म्हणून लिहितोय.

'काहीच चालत नाही' हे चूक आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यावर १६ बिटचे, म्हणजे डॉस आणि सुरुवातीच्या विंडोजच्या काळातले, प्रोग्राम थेट उघडत नाहीत. डॉसवरचं बिलिंग अडेल ते त्यामुळे. त्यासाठी डॉसचे प्रोग्राम चालवणारा डॉसबॉक्स फुकट मिळतो. पण ३२ बिटचे प्रोग्राम चालवायची सोय विंडोजमध्ये आजही आहे, आणि २००१ सालचा पेजमेकर ७ त्यातलाच. कुरकुरला तर आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत एक्सपी निवडून बघा. काही वेळा प्रोग्राम ३२ बिटचा, पण सेटअप १६ बिटचा असतो. अडतो सेटअप, आणि आपण म्हणतो सॉफ्टवेअर मेलं.

खरी अडचण आहे लॉकची, म्हणजे सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून संगणकाला लावायच्या डोंगलची. ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्राम) घेतच नाही, त्यामुळे जुनं डोंगल आणि जुना स्कॅनर गप्प बसतात. कंपनीकडे ६४ बिटचा ड्रायव्हर मागा. पॅरलल पोर्टचं, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या रुंद जोडणीत बसणारं, लॉक असेल तर मात्र बहुधा जुनं मशीन ठेवावं लागतं. एवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं बरोबर आहे.

फॉन्टही गेलेले नाहीत. जुने ट्रूटाइप फॉन्ट आजही इन्स्टॉल होतात. त्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइलींत मराठी अक्षरं नसतातच, रोमन अक्षरांचे कोड असतात. फॉन्ट नसला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या जुन्या मजकुराचंही तेच. निपाणी-खानापूरकडे एकाच लग्नपत्रिकेत दोन्ही भाषा लागतात, म्हणून दोन्ही फॉन्ट फाइलीच्याच फोल्डरमध्ये ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या आजच्या पद्धतीत, बदललात तर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथेच हमखास घोटाळा होतो.

एक्सपीचा डबा? त्याचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. त्याला नेट लावूच नका. तुमच्याकडे एक्सपीची सीडी आणि की असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम), नेट बंद ठेवून, तोच एक्सपी नव्या मशीनवर चालतो. त्याची कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवता येते. डब्यातली वीस वर्षांची हार्डडिस्क कधी बसेल सांगता येत नाही.

आणि 'नवं घ्या' हा सल्ला तर सर्वांत घातक. पेजमेकरच्या फाइली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरच्या सीएस६ आवृत्तीपर्यंतच उघडत होत्या, पुढच्या आवृत्त्यांत ती सोय काढून टाकली. म्हणजे पैसे भरूनही कडोली-येळ्ळूरच्या संमेलनांची तुमच्याकडे छापलेली पत्रकं उघडणार नाहीत. लग्नसराई सुरू व्हायच्या आत, जुनं मशीन चालू होतंय तोवर, एकेक फाइल उघडा, पीडीएफ काढा आणि मूळ फाइलही शेजारी ठेवा.