पिवळा दिवा आणि बॅटरीची वायर

पावसाळा लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्यात चार गोष्टी छातीठोकपणे सांगितलेल्या असतात. मोटारसायकलचा पिवळा इंजिन दिवा इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे लागतो. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवली की तो जातो. नाही गेला तर सेन्सर बदलायचा. आणि गाडी चालतेय तोवर काळजी करायची नाही. आमच्या इमारतीतल्या दोन मुलांनी हा सल्ला तंतोतंत पाळला आणि दोघांच्याही गाड्या पुन्हा बंद पडल्या, म्हणून लिहायला बसलो.

आधी इथेनॉल. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते पाहतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. २० टक्के इथेनॉलने अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, पण मिश्रणातला एवढा फरक सांभाळून घेणं हे या यंत्रणेचं रोजचंच काम. इथेनॉल पाणी ओढतं हे मात्र खरं. महिनाभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी जमलं तर ती मिसिंग मारेल, म्हणजे अडखळत चालेल. तरी पेट्रोल पंपाला दोष देण्याआधी कोड, म्हणजे ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, स्कॅनरवर वाचा. दिवा लागण्याची कारणं डझनभर असतात, पेट्रोल त्यातलं एक.

सेन्सर बदलण्याच्या सल्ल्यात लोकांचे सर्वात जास्त पैसे जातात. मीही घालवले आहेत. मागच्या जुलैत वंदना टॉकीजजवळच्या पाण्यातून गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागला. स्कॅनरवर आला पी-०११८. गॅरेजवाल्याने ‘कूलंटच्या तापमानाचा सेन्सर गेला’ म्हणून नवा बसवला. दिवा विझला. तिसऱ्या दिवशी ऐरोली पुलावर पुन्हा लागला.

पी-०११८ चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाहीच. त्याचा अर्थ आहे, त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे. ईसीयू या सर्किटला ५ व्होल्ट देतो. इंजिन तापतं तसा सेन्सरचा रोध कमी होतो आणि व्होल्टेज खाली येतं. वायर कुठेही तुटली, तर व्होल्टेज खाली ओढणारं कुणी उरत नाही, पुरते ५ व्होल्ट तसेच राहतात आणि ईसीयूला वाटतं इंजिन उणे ४० अंशांवर आहे. सेन्सर आतून तुटला, कप्लरची, म्हणजे वायर जोडायच्या प्लगची, पिन गंजली किंवा मधली वायर तुटली, तिन्ही वेळा कोड एकच.

मग कळायचं कसं? तुर्भ्यातल्या एका जुन्या वायरमनने पाच मिनिटांत दाखवलं. सेन्सरचा कप्लर काढला, त्याच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा जोडला आणि किल्ली फिरवली. वायरिंग ठीक असतं तर व्होल्टेज शून्यावर येऊन कोड पी-०११७ झाला असता, म्हणजे दोष सेन्सरमध्ये. माझा कोड जागचा हलला नाही. त्याने टाकी उचलली. फ्रेमच्या पट्टीवर घासून वायरचं कव्हर फाटलं होतं आणि आतलं तांबं हिरवं पडून तुटलं होतं. सेन्सर बदलताना वायर हलली आणि तुटलेली टोकं दोन दिवस एकमेकांना टेकून राहिली, एवढंच. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत रोज आदळणाऱ्या गाडीचं वायरिंग असं घासणारच. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. थ्रॉटलच्या तीन वायरींच्या सेन्सरवर करू नका, ५ व्होल्टची लाइनच शॉर्ट व्हायची.

‘चालतेय तोवर काळजी नको’ हे तर धोक्याचं आहे. दिवा लागला की अनेकदा ईसीयू ठरावीक आकडे गृहीत धरून गाडी कशीबशी चालवतो. सोबत इंजिन मिसिंग मारत असेल, तर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून कामातून जातो. सेन्सरपेक्षा तो कितीतरी महाग. आणि गायमुखच्या चढावर, मागे ट्रक असताना इंजिन बंद पडलं तर खर्चाचा विचारसुद्धा दुय्यम.

राहिली बॅटरी. तिच्यात एक खरी गोष्ट आहे. उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ व्होल्टपेक्षा बरंच कमी आणि चालू इंजिनावर साधारण १३.५ ते १४.५ च्या बाहेर आकडा आला, तर दिव्याचं मूळ तिथेच असू शकतं. मल्टीमीटरने तेवढं जरूर बघा. पण वायर काढून काय साधतं? अनेक गाड्यांत कोड अशा मेमरीत असतो की बॅटरी काढूनही तो पुसला जात नाही. काहींत पुसला जातो, आणि मग मेकॅनिकच्या हातात धागाच उरत नाही. दोष खरोखर गेला असेल तर बऱ्याच गाड्यांचा दिवा गाडी काही वेळा सुरू करून चालवल्यावर आपोआप विझतो. गॅरेजमध्ये गेल्यावर बॅटरीला हात लावू देण्याआधी कोड वाचायला लावा आणि आकडा स्वतः मोबाइलमध्ये लिहून घ्या. दिवा पावसात लागला, गाडी धुतल्यावर लागला की हँडल वळवताना, हेही सांगा. वायरमनने मला पहिला प्रश्न तोच विचारला होता.