लेअर-टूची फी रकमेच्या टक्क्यात कापली जात नाही

‘ऑप्टिमिझमवर जितके जास्त इथर पाठवाल, तितकी जास्त फी’ असा संदेश सध्या फिरतो आहे. (ऑप्टिमिझम हे इथेरियम या ब्लॉकचेनवर उभारलेले ‘लेअर-टू’, म्हणजे दुसऱ्या थरातले नेटवर्क; इथर हे इथेरियमचे चलन.) तो चुकीचा आहे. इथरच्या साध्या हस्तांतराला 21,000 गॅस (नेटवर्कवरील कामाचे एकक) लागतो, मग रक्कम काहीही असो. त्याला चालू दराने गुणले की फीचा एक भाग मिळतो. दुसरा भाग मुख्य इथेरियमवर माहिती नोंदवण्याचा. व्यवहाराचा डेटा दाबून लहान केल्यावर अंदाजे किती बाइट उरतील आणि इथेरियमवर तेव्हा काय दर आहे, यावर तो ठरतो. म्हणूनच लेअर-टूवर शांतता असतानाही फी चढू शकते. 13 मार्च 2024 च्या इथेरियमच्या डेनकुन अपग्रेडने ‘ब्लॉब’ ही स्वस्त जागा दिली आणि हा भाग खूप उतरला. एखादे एक्सचेंज किंवा ब्रिज (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर चलन नेणारी सेवा) टक्क्याने शुल्क घेत असेल, तर ते त्यांचे, नेटवर्कचे नव्हे.