पेप्टाइडपुढे जिवाणूंचा इलाज चालत नाही?

‘प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या बायोफिल्मवर पेप्टाइड रामबाण आहे, ते जिवाणूचे आवरणच फोडते, म्हणून त्याला प्रतिरोध निर्माण होऊच शकत नाही, आणि नैसर्गिक असल्याने ते निर्धोकही आहे,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, आणि बायोफिल्म म्हणजे जिवाणूंनी एकत्र येऊन पृष्ठभागावर जमवलेला चिकट थर.

प्रतिरोध सावकाश येतो, एवढेच म्हटले असते तर फारसा वाद नव्हता. ‘होऊच शकत नाही’ हे मात्र प्रयोगाने खोटे ठरलेले आहे. बेडकाच्या कातडीतील मॅगेनिन हे पेप्टाइड १९८७ मध्ये प्रकाशात आणणारे मायकेल झॅस्लॉफ यांनाही प्रतिरोधाची शक्यता फार कमी वाटत होती. पुढे मॅगेनिनवरूनच घडवलेल्या पेक्सिगॅननची मात्रा टप्प्याटप्प्याने चढवत जिवाणू वाढवले गेले, तेव्हा ६०० ते ७०० पिढ्यांत २४ पैकी २२ वंश त्याला पुरून उरले. २००६ च्या त्या शोधनिबंधावर झॅस्लॉफ यांचेही नाव आहे, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. शिवाय अखेरचा पर्याय म्हणून दिले जाणारे कोलिस्टिन हेही पेप्टाइडच असून, त्याचा प्रतिरोध एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे नेणारे एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवले गेले. प्रतिरोधाची एक वाट अशी: धनभारित पेप्टाइड जिवाणूच्या ऋणभारित आवरणाला चिकटते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आवरणातील लिपिडला (स्निग्ध रेणूला) लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल जोडून तो ऋणभारच कमी करतो.

बायोफिल्मबाबतचा दावा अर्धा खरा आहे. आपल्याच शरीरातील एलएल-३७ हे पेप्टाइड स्युडोमोनास या जिवाणूची वाढ थांबवायला मिलिलिटरमागे ६४ मायक्रोग्रॅम लागते, पण त्याचा बायोफिल्म तयार होणे ते ०.५ मायक्रोग्रॅमलाही रोखू लागते, असे २००८ मध्ये दिसले. परंतु थर जमण्याआधी रोखणे वेगळे आणि जमून घट्ट झालेला थर उखडणे वेगळे. अशा थरातील डीएनए आणि अल्जिनेट ही चिकट शर्करा ऋणभारित असल्याने पेप्टाइड वाटेतच अडकते, आणि स्युडोमोनासचे इलास्टेज हे विकर (एन्झाइम) एलएल-३७ चे तुकडे करते. त्यामुळेच विकरांना सहज न तुटणाऱ्या, उलट्या ठेवणीच्या डी-अमिनो आम्लांपासून पेप्टाइड घडवण्याचे आणि ते प्रतिजैविकांच्या जोडीने वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत.

राहिला ‘नैसर्गिक’चा मुद्दा. मधमाशीच्या विषातील मेलिटिन नैसर्गिकच आहे, तरी ते आपल्या रक्तातील तांबड्या पेशीही फोडते. निसर्गातील पेप्टाइडवरून बेतलेल्या म्युरेपाव्हॅडिन या औषधाच्या शिरेवाटे द्यायच्या रूपाच्या चाचण्या २०१९ मध्ये मूत्रपिंडाच्या इजेमुळे थांबवाव्या लागल्या. नंतर तेच औषध श्वासावाटे थेट फुप्फुसात देऊन पाहण्याचा मार्ग संशोधकांनी धरला.